जुनी जखम, नवी जखम आणि नारायणराव लोखंडे

पैनगंगेच्या खोऱ्यातला आमचा उमरखेड तालुका कापूस, सोयाबीन, ऊस आणि हळदीचा. पीक हाती आले की यंत्रे सुरू होतात आणि यंत्रे सुरू झाली की सरकारी दवाखान्यात हाताच्या जखमा येऊ लागतात. मळणी यंत्र, कडबा कुट्टी, जिनिंगचा पट्टा, रसवंतीचा चरक. कोणत्या यंत्राने घात केला, हे बहुधा जखम पाहूनच कळते.

काही हंगामांपूर्वी चाळिशीतला एक मजूर असाच आला. उजव्या हाताचा अंगठा पट्ट्यात सापडून मुळापासून गेला होता. त्याच हाताची तर्जनी मात्र आधीच नव्हती, ती लहानपणी कडबा कुट्टीत गेली होती. जखम भरली, टाके निघाले आणि काही महिन्यांनी तो प्रमाणपत्रासाठी पुन्हा आला. सोबत मालकाच्या बाजूचे एक गृहस्थ होते. त्यांचे म्हणणे सरळ होते. हात आधीच अधू होता, तेव्हा जुन्या बोटाचे टक्के वजा करा आणि उरतील तेवढेच लिहा. मजूर काही बोलला नाही. तो आपल्या हाताकडे पाहत राहिला.

अशी वजाबाकी करावी का, आणि करायची तर ती कशातून करावी, हा प्रश्न वरवर डॉक्टरचा आणि वकिलाचा वाटतो. पण त्यामागे एका माणसाचे पुढचे सगळे आयुष्य असते. म्हणून आज या सदरात एखाद्या औषधाबद्दल किंवा आजाराबद्दल न लिहिता एका माणसाबद्दल लिहितो. कामावर जायबंदी झालेल्या मजुराच्या पोटापाण्याची सोय झाली पाहिजे, ही मागणी आपल्या देशात कामगारांच्या सभेतून ज्यांनी सरकारपुढे नेली, ते नारायण मेघाजी लोखंडे. रविवारची सुट्टी मिळवून देणारे म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. त्यांची दुसरी मागणी आपण विसरलो आहोत.

गिरणीचा हिशेबनीस डोळा

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्यातला. घर फुलमाळ्याचे आणि गरिबीचे. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे. शिक्षण झाल्यावर त्यांनी काही काळ रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली. पुढे ते मुंबईच्या मांडवी मिलमध्ये स्टोअरकीपर म्हणून लागले.

ही नोकरी त्यांच्या पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली होती आणि पुढच्या पंचवीस वर्षांत शहराचा चेहरा बदलला होता. कोकणातून आणि घाटावरून माणसे येत होती, खोलीत दाटीवाटीने राहत होती आणि उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत यंत्रापुढे उभी राहत होती. वऱ्हाडचा कापूसही याच गिरण्यांत जाई. स्टोअरकीपर गिरणीच्या भांडारात बसतो. पट्टा तुटला, चाती झिजली, तेलाचा डबा संपला, की मागणी त्याच्याकडे येते आणि तो वहीत नोंद करतो. प्रत्येक सुट्या भागाची किंमत ठरलेली असते. कामगाराच्या तुटलेल्या बोटाची किंमत लिहिण्याचा रकाना मात्र त्या काळी कोणत्याच वहीत नव्हता.

डॉक्टर म्हणून त्या काळच्या गिरणीची कल्पना केली, तरी अपघात का होत असतील ते समजते. छताखालच्या दांड्यावरून प्रत्येक यंत्राकडे येणारे चामडी पट्टे, उघडी दातेरी चाके, उडणारे धोटे, हवेत कापसाची धूळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज. त्यात बारा-तेरा तास उभे राहणे. थकलेल्या माणसाचे लक्ष सुटते, हात उशिरा मागे येतो. अपघात हा क्षणाचा असतो, पण त्याची तयारी थकव्याने आधीच करून ठेवलेली असते. रविवारची सुट्टी ही म्हणूनच चैन नव्हती, तो अपघात टाळण्याचा उपाय होता.

लोखंडे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले दीनबंधू हे पत्र बंद पडण्याच्या बेतात आले, तेव्हा लोखंडे यांनी १८८० मध्ये ते मुंबईला आणले. गिरणीची नोकरी सोडून ते पूर्णवेळ संपादक झाले आणि मृत्यूपर्यंत त्यांनी ते पत्र चालवले. शेतकरी आणि कामगार यांची गाऱ्हाणी मराठीत छापणारे, त्यांच्याच बाजूने बोलणारे असे हे पत्र होते.

पाच मागण्या

१८८१ साली देशातला पहिला कारखाना कायदा झाला. त्यासाठी सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या माणसांनी बरीच वर्षे खटपट केली होती. पण हाती आलेला कायदा तुटपुंजा होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण, एवढाच त्याचा आवाका. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात काही नव्हते. शंभराहून कमी माणसांचे आणि वर्षातून चार महिन्यांहून जास्त न चालणारे कारखाने तर त्यातून सुटलेच.

तीन वर्षांनी मुंबई सरकारने या कायद्याचा विचार करण्यासाठी आयोग नेमला. आयोगापुढे मालकांचे म्हणणे जाणारच होते. कामगारांचे कोण मांडणार? २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा बोलावली, तीन दिवसांनी दुसरी सभा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना म्हणून जी ओळखली जाते, तिची सुरुवात ही. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज आयोगाकडे गेला. त्यात पाच मागण्या होत्या.

पहिली, दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुसरी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. चौथी, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि पाचवी मागणी दुखापतीची होती. कामावर गंभीर जखमी होऊन काही काळ काम करता येत नसेल, तर बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण पगार द्यावा आणि तो कायमचा अधू झाला, तर त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य तरतूद करावी.

या पाचव्या मागणीची बांधणी पाहा. तिने दुखापतीचे दोन भाग केले आहेत. तात्पुरते अपंगत्व वेगळे, कायमचे वेगळे. आजचा नुकसानभरपाईचा कायदाही हेच दोन भाग करतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लोखंडे यांनी बोटाचा किंवा डोळ्याचा दर मागितला नाही. त्यांनी उदरनिर्वाह मागितला. माप अवयवाचे नव्हते, माप भाकरीचे होते.

त्या वेळी कायद्यात काय होते, हेही सांगायला हवे. १८५५ च्या एका कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या चुकीमुळे माणूस मेला, तर त्याच्या घरच्यांना दावा करता येई. पण चूक सिद्ध करावी लागे आणि गरिबाला ते जमणारे नव्हते. जो जगला, पण हात गमावून बसला, त्याच्यासाठी वेगळी सोय कुठेच नव्हती. याच १८८४ सालच्या जुलैमध्ये जर्मनीने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला. तिथे मालकांच्या संघांनी वर्गणी भरायची आणि जखमी कामगाराला त्यातून पैसे मिळायचे. चूक कोणाची, हा वादच नको. परळच्या सभेतली पाचवी मागणी त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांची आहे. आपला एक संपादक जगातल्या नव्या विचाराच्या जवळपास बरोबरीने चालत होता.

रविवार मिळाला, पाचवी मागणी राहिली

आयोग आला आणि गेला, कायदा बदलला नाही. लोखंडे थांबले नाहीत. पुन्हा सभा, पुन्हा अर्ज, पुन्हा सह्या. २४ एप्रिल १८९० रोजी झालेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. रविवार हा खंडोबाचा वार, आणि सहा दिवस पोटासाठी राबणाऱ्याला एक दिवस समाजासाठी मिळाला पाहिजे, अशी भूमिका लोखंडे यांनी मांडली होती. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या नव्या कारखाना आयोगाच्या मुंबईतल्या कामात लोखंडे यांना सहभागी करून घेतले गेले. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली, दुपारची विश्रांती आली, स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आली.

पाच मागण्यांचा हिशेब मांडला, तर पहिल्या दोन सात वर्षांत पदरात पडल्या. कापड गिरणीतल्या पुरुषांच्या तासांवर मर्यादा १९११ मध्ये आली. वेळेवर पगाराचा कायदा १९३६ मध्ये झाला. दुखापतीच्या भरपाईला १९२३ साल उजाडावे लागले.

लोखंडे यांच्या संघटनेला वर्गणीदार सभासद नव्हते, निधी नव्हता, लेखी नियमही नव्हते. त्यामुळे तिला आजच्या अर्थाने युनियन म्हणावे का, असा प्रश्न अभ्यासक विचारतात आणि तो गैर नाही. निधी नसल्यामुळे जखमी कामगाराला संघटनेकडून काही देता येणे शक्य नव्हते. उरत होता तो सरकारकडे दाद मागण्याचाच मार्ग. म्हणूनही ती पाचवी मागणी मला अधिक मोलाची वाटते.

माणूस एकाच चौकटीत मावणारा नव्हता. विधवांचे केशवपन करायचे नाही, अशी भूमिका मुंबईतल्या न्हावी समाजाने घेतली, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंग्यानंतर सलोख्यासाठी त्यांनी राणीच्या बागेत सभा घेतली. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला.

पुढच्याच वर्षी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. साथ पसरली तसे लोक शहर सोडून पळू लागले. लोखंडे मागे राहिले. रोग्यांसाठी मराठा हॉस्पिटल उभारण्यात ते पुढे होते. उंदरावरच्या पिसवांमुळे हा रोग माणसापर्यंत येतो, हे तेव्हा वैद्यकाला पक्के ठाऊक नव्हते. प्रतिजैविके तर अर्धे शतक दूर होती. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत आपली नवी लस मुंबईतच प्रथम स्वतःला टोचून घेतली होती, ती अजून सगळ्यांपर्यंत पोहोचली नव्हती. रोग्यांची सेवा करताना लोखंडे यांनाच प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पन्नाशीही पुरी झाली नव्हती. महिन्याभराने पुण्यात सावित्रीबाई फुले याच रोगाने गेल्या.

त्यानंतर सहा महिन्यांनी ब्रिटनमध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. मालकाची चूक सिद्ध न करताही कामावरच्या अपघाताची भरपाई मिळू लागली. आपल्याकडे तो विचार यायला आणखी सव्वीस वर्षे गेली. १९२१ पासून केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी असलेले ना. म. जोशी त्यासाठी झटत होते. १९२३ चा कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. परळच्या सभेला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती.

टक्क्यांचे कोष्टक

कायदा आला तो टक्क्यांचे कोष्टक घेऊन. हाताचा अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेली तर १४, चारही बोटे गेली तर ५०. एका डोळ्याची दृष्टी गेली, बुबुळाला विद्रूपता नाही आणि दुसरा डोळा चांगला असेल, तर ३० टक्के. दोन्ही हात गेले किंवा डोळ्यांनी करायचे कोणतेच काम करता येणार नाही इतकी दृष्टी गेली, तर १०० टक्के. कोष्टकात नसलेल्या दुखापतीसाठी डॉक्टरने याच आकड्यांचे भान ठेवून टक्के सांगायचे.

पण हे टक्के कशाचे आहेत? इथेच बहुतेकांची, डॉक्टरांचीही, गफलत होते. ते हाडामांसाचे टक्के नाहीत, कमाईची क्षमता किती गेली त्याचे आहेत. कायमच्या अंशतः अपंगत्वाची व्याख्या करताना कायद्याने मोजमापाची वेळही ठरवून दिली आहे. अपघात झाला त्या वेळी माणूस जी जी कामे करू शकत होता, त्यांतली त्याची कमाईची ताकद किती घटली, ते पाहायचे. सुरुवातीची रेषा निरोगी, अखंड शरीराची नाही. सुरुवातीची रेषा त्या माणसाची आहे, त्या दिवसाची आहे.

एवढे लक्षात ठेवले की जुन्या आणि नव्या जखमेचा गुंता बराच सुटतो. तीन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा, जुनी जखम आहे, पण तिने कमाई कमी केलेली नाही. चाळिशीच्या पुढच्या हमालाच्या कण्याचा एक्स-रे काढा, मणक्यांची झीज बहुधा दिसेलच. काहीही दुखत नसलेल्या माणसांतही ती दिसते. पोते अंगावर पडून त्याची कंबर कायमची गेली, तर एक्स-रेतली झीज दाखवून टक्के कापणे वैद्यकाला धरून नाही. काल तो पोती उचलत होता.

दुसरी तऱ्हा, जुन्या जखमेने खरोखरच कमाई कमी केली होती, कदाचित तिची भरपाईही मिळाली होती. तिथे जुना भाग नव्या मालकाच्या माथी मारता येणार नाही. आधीच अधू झालेल्या गुडघ्यामुळे जो बसून काम करत होता, त्याच्या गुडघ्याचा सगळा दोष नव्या अपघाताला देणे खोटे ठरेल. वजाबाकी इथे न्याय्य आहे.

तिसरी तऱ्हा सर्वांत अवघड, आणि तिथे वजाबाकी नव्हे तर गुणाकार असतो. एका डोळ्याने आधीच आंधळा असलेला माणूस कामावर दुसरा डोळा गमावतो. नवी जखम एकाच डोळ्याची. पण ३० टक्क्यांच्या नोंदीला दुसरा डोळा चांगला असण्याची अट कोष्टकातच आहे, आणि या माणसापुढे आता अंधार आहे. रुपयांत पाहू. पंधरा हजार रुपये मासिक वेतन, वय ४०. वेतनाचे ६० टक्के म्हणजे नऊ हजार, त्याला वयानुसारचा गुणक १८४.१७ लावला, तर पूर्ण अपंगत्वाचे १६ लाख ५७ हजार ५३० रुपये होतात. ३० टक्के धरले तर ४ लाख ९७ हजार २५९. डॉक्टरच्या एका ओळीने हा फरक पडू शकतो.

उलटेही घडते. ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे १९१२ मध्ये एका कामगाराचा दावा आला. तो एका डोळ्याने लहानपणापासून आंधळा होता, पण डोळा दिसायला बरा होता, त्यामुळे काम मिळत असे. कामावर इजा होऊन तो आंधळा डोळाच काढावा लागला. दृष्टी शून्याने कमी झाली. पण आता तो एकाक्ष दिसू लागला आणि त्याला कोणी काम देईना. हे कमाईचे नुकसानच आहे, असे न्यायाधीशांनी मानले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये एका सुताराच्या बाबतीत हीच दृष्टी ठेवली. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. कोष्टकात त्याला शंभराहून कमी टक्के होते, पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून अपंगत्व पूर्ण धरले गेले. २०१० मध्ये मोटार अपघाताच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की डॉक्टर सांगतात ते शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के एकच असतील असे नाही. तोच हात गेलेला ड्रायव्हर आणि कारकून यांचे नुकसान सारखे नसते.

मग सगळा बोजा शेवटच्या मालकावर टाकावा का? त्यातही धोका आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात १९२५ मध्ये एका डोळ्याच्या कामगाराचा दुसरा डोळा गेला आणि मालकाला पूर्ण अपंगत्वाची भरपाई द्यावी लागली. त्यानंतर तिथल्या मालकांनी एक डोळा, एक हात, एक पाय असलेल्या हजारो कामगारांना कामावरून काढल्याची नोंद आहे. तिथल्या अनेक राज्यांनी यावर उपाय काढला, तो दुसऱ्या दुखापतीच्या निधीचा. नव्या जखमेपुरते मालकाने द्यायचे, जुनी आणि नवी मिळून जो खड्डा पडला तो सामाईक निधीने भरायचा. आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा योजनेत भरपाई महामंडळाच्या निधीतून जाते, एकट्या मालकाच्या खिशातून नाही. पण आमच्या भागातले बहुतेक हंगामी मजूर त्या योजनेबाहेरच राहतात.

कायद्यात वाटणीचे एक सुंदर उदाहरण मात्र आहे, आणि ते कापसाच्या धुळीचेच आहे. वर्षानुवर्षे ती धूळ छातीत जाऊन श्वसनाचा कायमचा आजार होतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात. उसाच्या चिपाडाच्या धुळीने होणारा बगॅसोसिस हाही तसाच. कामगाराने अनेक मालकांकडे काम केले असेल, तर प्रत्येकाचा वाटा आयुक्त न्याय्य वाटेल तसा ठरवतात. वाटणी होते ती मालकांमध्ये. कामगाराचे टक्के त्यासाठी कापले जात नाहीत.

१९२३ च्या या कायद्याचा ढाचा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतलेला आहे. नाव बदलले तरी प्रश्न तोच राहणार आहे.

त्या हाताचे काय झाले

जुनी जखम ओळखणे डॉक्टरला कठीण नसते. जुन्या तुटलेल्या हाडाची टोके एक्स-रेत गोलसर झालेली दिसतात, नव्याची धारदार. जुना व्रण पांढुरका आणि मऊ असतो, नवा गुलाबी आणि कडक. जुना अवयव वापरात नसेल तर स्नायू वाळलेले असतात. पण मी आणखी एक गोष्ट पाहतो, ती म्हणजे तळहाताचे घट्टे. त्या मजुराच्या उजव्या तळव्यावर, मधल्या बोटाच्या बाजूला, जाड घट्टा होता. तर्जनी नसताना त्याने अंगठा आणि मधले बोट यांची चिमूट तयार करून घेतली होती आणि वीस-पंचवीस वर्षे पूर्ण मजुरी कमावली होती. ती चिमूट आता गेली होती.

मी लिहिले ते असे. तर्जनी जुनी गेलेली, या अपघाताशी संबंध नाही, तिचे टक्के यात धरलेले नाहीत. अंगठा या अपघातात गेला, त्याचे ३० टक्के, त्यातून काहीही वजा नाही. अपघाताच्या दिवसापर्यंत हा हात पूर्ण कामाचा होता, याची खूण म्हणून घट्ट्याची नोंद. तर्जनी आधीच नसल्यामुळे अंगठा गेल्यावर चिमटीची पकड पूर्ण नाहीशी झाली, म्हणून कमाईचे नुकसान कोष्टकाहून जास्त धरावे का, याचा विचार व्हावा. निर्णय आयुक्तांचा. ते गृहस्थ थोडे नाराज झाले. मी खोटे काही लिहिले नव्हते, त्यांच्या बाजूचेही लपवले नव्हते.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आला, तर काही गोष्टी लक्षात ठेवा. जुनी दुखापत डॉक्टरपासून लपवू नका. काम मिळणार नाही या भीतीने माणसे ती लपवतात, पण एक्स-रेत ती दिसतेच आणि मग खऱ्या नव्या जखमेवरही संशय येतो. जुने कागद, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. अपघातापर्यंत कोणते काम करत होता आणि किती मजुरी मिळत होती, याचा पुरावा ठेवा. दिव्यांगांच्या सवलतींसाठी मिळणारे प्रमाणपत्र आणि भरपाईसाठीचे मूल्यमापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाचे टक्के दुसरीकडे जसेच्या तसे चालत नाहीत. दावा अपघातापासून दोन वर्षांत करावा लागतो. शेतात ट्रॅक्टरवर किंवा विजेच्या यंत्रावर काम करणारा मजूरही या कायद्यात येतो, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे.

२००५ मध्ये टपाल खात्याने लोखंडे यांचे तिकीट काढले. परळला राज्य सरकारच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. रविवारी सकाळी उशिरा उठणारे आपण सगळे त्यांचे देणेकरी आहोतच. पण सोमवारी माझ्या टेबलासमोर कोणी तुटका हात पुढे करून बसतो, तेव्हा मला त्यांची पाचवी मागणी आठवते. बोट किती गेले, हे मी फूटपट्टीने मोजू शकतो. उदरनिर्वाह किती गेला, हे मोजायला आधी त्या माणसाला विचारावे लागते, अपघाताच्या आदल्या दिवशी तो काय करत होता.